प्रबंधातून संशोधनपद्धती शिकताना: पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी मार्गदर्शक

वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर पहिले काही महिने वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि रात्रपाळ्या यांतच निघून जातात, आणि मग एके दिवशी गाइड, म्हणजे प्रबंधाचे मार्गदर्शक प्राध्यापक, विचारतात, "सिनॉप्सिसचे कुठवर आले?" सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आधी सादर करायचा आराखडा. या प्रश्नानंतरच्या धावपळीत बहुतेक विद्यार्थी ग्रंथालयातून एखादा जुना प्रबंध काढतात, शीर्षकातले दोन शब्द बदलतात आणि सॅम्पल साइजचे, म्हणजे किती रुग्ण लागतील त्याचे, सूत्रही तिथूनच उतरवून घेतात. मी पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक) विभागात शिकवतो आणि हे दरवर्षी पाहतो. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण एक अभ्यास स्वतः आखून, स्वतः मोजून, स्वतः लिहून काढण्याची संधी बहुतेक डॉक्टरांना आयुष्यात एकदाच मिळते आणि ती या तीन वर्षांतच असते. पुढे दिलेला क्रम महाराष्ट्रातील एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. त्यात एकच सूत्र सगळीकडे आढळेल: पहिला रुग्ण पाहण्याआधी आपले निर्णय कागदावर लिहून ठेवावेत.

पहिल्या महिन्यात

सर्वांत आधी तारखा गोळा कराव्यात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे त्या वर्षीचे परिपत्रक, महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीच्या (संशोधनातील नैतिकता तपासणाऱ्या समितीच्या) बैठकांचे वेळापत्रक आणि प्रबंध सादर करण्याची अंतिम तारीख एका कागदावर मांडावी. प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करावा लागतो, त्यामुळे तीन वर्षांतून पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने वजा केले की रुग्ण तपासण्यासाठी, माहिती भरण्यासाठी आणि लिहिण्यासाठी मिळून फार तर दोन वर्षे उरतात. हे गणित भिंतीवर लावून ठेवावे.

दुसरे काम म्हणजे 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च'साठी नावनोंदणी. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) एनआयईने, तयार केलेला हा ऑनलाइन अभ्यासक्रम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा केला आहे. बरेच जण व्याख्याने वेग वाढवून पाहतात आणि परीक्षेपुरते वाचतात. माझा आग्रह असा, की प्रत्येक व्याख्यानानंतर आपल्या नियोजित विषयाबद्दल अर्धे पान लिहावे. प्रश्न कसा मांडावा यावरचे व्याख्यान झाले की आपला प्रश्न लिहावा, सॅम्पलिंगचे, म्हणजे रुग्ण निवडण्याचे, झाले की आपले रुग्ण कुठून येणार ते लिहावे. अभ्यासक्रम संपेल तेव्हा सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा हातात असेल.

तिसरे काम वाचनाचे. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या पाठ करण्याआधी आपल्याच मातीतले दोन-तीन अभ्यास उलगडून पाहावेत. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 मध्ये सुरू झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास घ्या. गावांचे 52 समूह यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने चार गटांत वाटले गेले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या आणि चौथ्याला नेहमीची सेवा. 30 ते 59 वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. 2009 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) तपासणीने पुढच्या टप्प्यातील कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झालेले दिसले. वाचताना स्वतःला विचारावे: स्त्रियांऐवजी गावे का वाटली? आणि चौथ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का? या दुसऱ्या प्रश्नावर जगभर वाद झाला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय एथिक्स कमिटीसमोर बसू नये असे मला वाटते.

गडचिरोलीचा घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास दुसऱ्या कारणासाठी वाचावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि ती पद्धत थेट गावांत आणली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 39 गावांत सेवा दिली गेली आणि 47 गावे तुलनेसाठी होती. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून साधारण 25 वर आला, तर तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. इथे गावे यादृच्छिक पद्धतीने वाटलेली नव्हती. मग निष्कर्षावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? सेवा सुरू होण्याआधीची दोन वर्षे दोन्हीकडे सारखीच मोजणी केली होती, हे उत्तराचे पहिले पाऊल आहे. उरलेले उत्तर मूळ लेख वाचून स्वतः शोधावे.

प्रश्न ठरवणे

नवा विद्यार्थी विषय सांगतो, प्रश्न सांगत नाही. "मला डायबेटिक न्यूरोपॅथीवर काम करायचे आहे" हा विषय झाला (न्यूरोपॅथी म्हणजे मज्जातंतूंना झालेली इजा). प्रश्न असा लिहावा: "आमच्या रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत येणाऱ्या, 30 वर्षांवरील, टाइप-2 मधुमेहाच्या रुग्णांपैकी किती टक्के रुग्णांच्या तळपायाची संवेदना 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तपासल्यावर कमी आढळते?" या एका वाक्यात कोण, कुठे, काय आणि कशाने मोजले हे चारही आले. मोनोफिलामेंट म्हणजे ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. पुढे याच उदाहरणाने चालू.

प्रश्न लिहिल्यावर पुढच्याच गुरुवारी मधुमेह ओपीडीत वही घेऊन बसावे आणि त्या दिवशी असे किती रुग्ण येतात ते नुसते मोजावे. हे काम फार थोडे विद्यार्थी करतात. रजिस्टरमध्ये साठ नावे असतात, पण त्यांतले पंधरा जण फक्त औषध घेऊन जातात, दहा जणांची जागा नातेवाइकांनी घेतलेली असते आणि काहींना एसटीची वेळ गाठायची असते. तळपाय तपासायला थांबू शकतील असे रुग्ण किती, हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाइडकडे जाताना एक प्रश्न घेऊन जाऊ नये, तीन न्यावेत. प्रत्येकाखाली दोन ओळी असाव्यात: उत्तर मिळाले तर उपचारात किंवा सेवेत काय बदलेल, आणि ते मिळवायला किती रुग्ण व किती खर्च लागेल. मॅडम किंवा सर त्यांतला एक बाजूला काढतील आणि दुसऱ्याला तासून देतील. चर्चा तिथून पुढे जाते.

आराखडा आणि संख्या

आराखडा प्रश्नातून निघतो, आवडीतून निघत नाही. किती टक्के, असे विचारले असेल तर क्रॉस-सेक्शनल (प्रत्येकाला एकदाच तपासणारा) अभ्यास पुरेसा आहे. एखाद्या सवयीमुळे आजार होतो का, असे विचारायचे असेल तर आधी सवय आणि मग आजार हा काळाचा क्रम दिसायला हवा, म्हणून कोहॉर्ट (सवय असलेल्या आणि नसलेल्यांचा पुढे पाठपुरावा करणारा) किंवा नीट आखलेला केस-कंट्रोल (आजारी आणि निरोगी माणसांच्या आधीच्या सवयींची तुलना करणारा) अभ्यास लागतो. उपचाराचा परिणाम पाहायचा असेल तर यादृच्छिक वाटणीचा विचार करावा, पण एका रेसिडेंटच्या हातात असलेल्या काळात आणि पैशात ती प्रामाणिकपणे जमेल का, हे गाइडशी मोकळेपणाने बोलावे. अर्धवट राहिलेल्या ट्रायलपेक्षा नीट केलेला साधा वर्णनात्मक अभ्यास अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

आता सॅम्पल साइज. आपल्यासारख्याच रुग्णालयातील आधीच्या अभ्यासात संवेदना कमी असलेल्यांचे प्रमाण 30 टक्के आढळले असे धरू, आणि आपल्याला उत्तर पाच टक्क्यांच्या इकडेतिकडे हवे आहे. 1.96 (95 टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) याचा वर्ग, गुणिले 0.30, गुणिले 0.70, भागिले 0.05 चा वर्ग, म्हणजे 323 रुग्ण. पाचऐवजी दहा टक्क्यांची सूट घेतली तर हाच आकडा 81 वर येतो. पुष्कळ प्रबंधांत 81 च्या जवळचे आकडे दिसतात त्याचे कारण हे आहे. पण मग "30 टक्के" हे उत्तर खरे तर "20 ते 40 च्या दरम्यान कुठेतरी" असते आणि त्यावरून ओपीडीत फूटकेअरसाठी किती जागा लागेल हे कोणी ठरवू शकत नाही. ही सूट कोणती घेतली आणि का, ते सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात लिहावे.

याला लागूनच वेळेचे गणित करावे. दहा टक्के रुग्ण नकार देतील किंवा माहिती अपुरी राहील असे धरले तर 359 जणांना विचारावे लागेल. एका रुग्णाला संमतीसह वीस मिनिटे, एका ओपीडीत पाच रुग्ण आणि आठवड्यात दोन ओपीडी, म्हणजे सलग 36 आठवडे. त्यात गणपती, दिवाळी, तुमच्या इमर्जन्सीच्या पाळ्या आणि पेरणीच्या दिवसांत ओसरणारी गर्दी मिळवली की वर्ष होते. हे वर्ष तुमच्या वेळापत्रकात बसत नसेल तर प्रश्न आत्ताच बदलावा, सॅम्पल साइज मागाहून छाटू नये.

क्लिनिकल विषयांतले बरेच प्रबंध निदानचाचणीचे असतात, म्हणून एक सावधगिरी इथेच सांगतो. एखाद्या चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना पॉझिटिव्ह म्हणण्याचे प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (निरोगींना निगेटिव्ह म्हणण्याचे प्रमाण) दोन्ही 90 टक्के आहेत असे समजा. तुमच्या रेफरल ओपीडीत 1000 रुग्णांपैकी 400 जणांना आजार असेल तर चाचणी 360 आजारी आणि 60 निरोगी माणसांना पॉझिटिव्ह म्हणेल. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी सुमारे 86 खरेच आजारी असतील. तीच चाचणी गावात नेली, जिथे 1000 मध्ये 20 जणांनाच आजार आहे, तर 18 आजारी आणि 98 निरोगी माणसे पॉझिटिव्ह येतील आणि शंभरात जेमतेम 16 खरे निघतील. चाचणी बदललेली नाही, माणसे बदलली आहेत. म्हणून "ही चाचणी स्क्रीनिंगसाठी उपयुक्त आहे" हे वाक्य रुग्णालयातल्या आकड्यांवरून लिहू नये.

एथिक्स कमिटी आणि संमतीपत्र

कमिटीची मंजुरी मिळण्याआधी एकाही रुग्णाची माहिती प्रबंधासाठी घेऊ नये. एमआरडीतून (रुग्णालयाच्या नोंदी विभागातून) जुने केसपेपर काढायचे असले तरी मंजुरी लागते. आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे निदान संमतीविषयीच्या प्रकरणापुरती तरी मूळातून वाचावीत. उपचाराची तुलना करणारा अभ्यास असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर, म्हणजे सीटीआरआयवर, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी करावी. ही रजिस्ट्री 2007 पासून चालू आहे, नोंदणी मोफत आहे आणि 1 एप्रिल 2018 पासून तिथे अभ्यास सुरू झाल्यानंतरची नोंदणी स्वीकारली जात नाही. पुष्कळ नियतकालिके नोंदणी क्रमांकाशिवाय ट्रायलचा लेख घेत नाहीत, आणि गेलेली तारीख परत आणता येत नाही.

संमतीपत्राच्या मराठीकडे विशेष लक्ष द्यावे. "सदर संशोधन प्रकल्पामध्ये स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी अनुमती असून" असे वाक्य रुग्णाला वाचून दाखवले की तो मान डोलावतो, पण त्याला काही समजलेले नसते. त्याऐवजी लिहावे: "आम्ही तुमच्या तळपायाला एक नायलॉनचा धागा टेकवून पाहणार आहोत. त्याने दुखत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे औषध आणि तपासणी आहे तशीच चालू राहील." मसुदा तयार झाला की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला सांगावे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा आणि त्याची सही घ्यावी. माहितीपत्रकाची एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी.

प्रोफॉर्मा, पायलट आणि मोजमाप

बिघाड सर्वांत जास्त इथे होतात आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबतो.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रोफॉर्म्यात, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी भरायच्या प्रश्नपत्रकात, प्रश्न होता: "तुम्ही तंबाखू खाता का?" पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, साठीच्या एका आजींनी ठामपणे "नाही बाई" असे सांगितले, आणि तपासणीसाठी पाय वर घेताना त्यांच्या कमरेची मिश्रीची डबी खाली पडली. त्यांचे उत्तर खोटे नव्हते. मिश्री दाताला लावायची असते, ती कोणी खात नाही. त्या दिवशी एका प्रश्नाचे पाच झाले: मिश्री लावता का, तंबाखू-चुना खाता का, गुटखा किंवा मावा खाता का, विडी-सिगारेट ओढता का, पूर्वी यांतले काही होते का. पायलट दहा-पंधरा रुग्णांवर करावा तो एवढ्यासाठी. पायलटमधले रुग्ण मुख्य अभ्यासात मोजू नयेत.

मोजणाऱ्याचा हातही तपासावा. रक्तदाबाच्या नोंदींच्या रकान्यात फक्त शेवटचा अंक पाहत खाली यावे. 120, 130, 140, 130 असे शून्यच दिसू लागले तर कोणीतरी पारा नीट वाचलेला नाही, कारण दोन-दोनच्या खुणा असलेल्या उपकरणावर 0, 2, 4, 6, 8 हे अंक साधारण सारख्या संख्येने यायला हवेत. मोनोफिलामेंटच्या बाबतीत तुम्ही आणि तुमचे सहकारी अशा दोघांनी वीस रुग्णांचे पाय एकमेकांचा निकाल न पाहता तपासावेत आणि दोघांचे किती जुळले ते कप्पा या मापाने (योगायोगाने जुळणारे वगळून उरलेली जुळणी) काढावे. जुळत नसेल तर तळपायाच्या कोणत्या जागी, किती वेळ, धागा किती वाकेपर्यंत टेकवायचा हे लिहून काढावे आणि पुन्हा करून पाहावे.

माहिती भरण्यासाठी एपी इन्फो किंवा कोबो टूलबॉक्स ही मोफत साधने पुरेशी आहेत. एक्सेलच वापरायचे असेल तर मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्रित तक्त्यात, एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एकच गोष्ट आणि प्रत्येक कोडचा अर्थ वेगळ्या पानावर असावा. "नाही" आणि "विचारले नाही" यांना वेगवेगळे कोड द्यावेत. नाव आणि मोबाइल क्रमांक मास्टर चार्टमध्ये ठेवू नयेत. ते अनुक्रमांकासह वेगळ्या, कुलूपबंद नोंदीत असावेत. दर शनिवारी त्या आठवड्याचे प्रोफॉर्मे भरून टाकावेत, कारण सुटलेली नोंद आठवड्याच्या आत रुग्णाला फोन करून घेता येते, वर्षाने येत नाही.

विश्लेषण

कोणते तक्ते लागणार हे रुग्ण घेण्याआधीच ठरवून त्यांचे रिकामे साचे काढून ठेवावेत. रकाने तयार, आकडे कोरे. हे साचे घेऊन सांख्यिकीतज्ज्ञांकडे पहिली भेट सिनॉप्सिसच्या वेळी घ्यावी. सगळी माहिती गोळा झाल्यावर मास्टर चार्ट पुढे ठेवून "यातून काय निघते ते काढून द्या" असे म्हणू नये. जे दिसेल ते काढायचे ठरवून वीस वेगवेगळ्या गोष्टींची चाचणी 0.05 च्या पातळीवर केली, तर प्रत्यक्षात कुठेच संबंध नसतानाही निदान एक तरी "सिग्निफिकंट" (केवळ योगायोग नसावा असा निकाल) येण्याची शक्यता 64 टक्के असते. आधी लिहून ठेवलेली एक मुख्य तुलना आणि दोन-तीन दुय्यम तुलना यांच्यापलीकडे जे सापडेल ते नंतर सापडलेले आहे असे स्पष्ट सांगून मांडावे.

पी-व्हॅल्यूपेक्षा (प्रत्यक्षात फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) कॉन्फिडन्स इंटरव्हलला (खरे उत्तर ज्या पट्ट्यात असण्याची अपेक्षा आहे तो) अधिक मान द्यावा. 323 पैकी 97 जणांची संवेदना कमी आढळली तर "30 टक्के, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 25 ते 35" असे लिहावे. वाचणाऱ्याला उत्तर आणि त्यातली अनिश्चितता दोन्ही एकदम कळतात.

मग मिश्रीकडे या. समजा, मिश्री लावणाऱ्या स्त्रियांत संवेदना कमी असण्याचे प्रमाण बरेच जास्त आले. लगेच "मिश्रीमुळे न्यूरोपॅथी" असे लिहू नये. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया बहुधा वयाने मोठ्या असतात, त्यांचा मधुमेहही जुना असतो, आणि वय व मधुमेहाची वर्षे ही दोन्ही न्यूरोपॅथीची स्वतंत्र कारणे आहेत. आधी साधेपणाने वयाचे गट पाडून प्रत्येक गटात तुलना करून पाहावी; फरक तिथेच विरघळतो की टिकतो हे डोळ्यांनी दिसते. त्यानंतर लॉजिस्टिक रिग्रेशन (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी तपासणारी पद्धत) करावे, आणि तेही बेताने: 97 रुग्णांतच संवेदना कमी आढळली असेल तर ढोबळ नियमाने (एका घटकामागे असे निदान दहा रुग्ण) नऊपेक्षा जास्त घटक मॉडेलमध्ये घालू नयेत. आर आणि जमोव्ही मोफत आहेत. दोन्हींत केलेल्या कामाची फाइल जपून ठेवावी, म्हणजे सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारल्यावर तोच आकडा पुन्हा काढून दाखवता येतो.

लेखन

पद्धतीचे प्रकरण सिनॉप्सिस मंजूर झाल्याच्या आठवड्यातच लिहावे, कारण तेव्हा सगळे ताजे असते आणि फक्त भविष्यकाळाचा भूतकाळ करायचा असतो. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, ट्रायलसाठी कन्सॉर्ट आणि निदानचाचणीसाठी स्टार्ड या तपासणी-याद्या शेजारी ठेवून लिहावे. किती जणांना विचारले, किती नाही म्हणाले, किती गळाले हे आकडे आकृतीत दाखवावेत. चर्चेच्या प्रकरणात आपल्या अभ्यासाच्या मर्यादा ठोस लिहाव्यात: "हा अभ्यास रुग्णालयात केला असल्याने" एवढ्यावर न थांबता, त्रास वाढल्यावरच रुग्ण आमच्याकडे येत असल्याने आमचे 30 टक्के हे गावातल्या प्रमाणापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, असे दिशेसह सांगावे. दुसऱ्याचा मजकूर उतरवणे विद्यापीठाच्या तपासणीत पकडले जाते, हा भाग वेगळा. उतरवलेल्या वाक्यावर तोंडी परीक्षेत एक प्रश्न आला की उत्तर सुचत नाही.

पुढचे शिक्षण

प्रबंध करताना ज्यांना या कामाची गोडी लागेल त्यांच्यासाठी वाटा आहेत. चेन्नईच्या एनआयईत 2001 पासून प्रत्यक्ष साथींच्या तपासावर आधारलेले साथरोगशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण चालते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून 'इंडिया ईआयएस' हा साथींच्या तपासाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी घेता येते. कर्करोगाच्या क्षेत्रात असाल तर टाटा मेमोरियल सेंटर आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड 2015 पासून घेत असलेली 'क्रेडो' कार्यशाळा पाहावी. तिथे सहभागी स्वतःची संशोधनकल्पना घेऊन येतात आणि तज्ज्ञांबरोबर बसून तिचा पूर्ण प्रोटोकॉल लिहूनच परततात. या सर्व ठिकाणी अर्जासोबत स्वतःच्या कामाचा नमुना किंवा संशोधनाची कल्पना मागितली जाण्याची शक्यता असते. तेव्हा प्रोफॉर्म्याच्या पायलटआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही प्रती, रिकाम्या तक्त्यांचे साचे, एथिक्स कमिटीच्या मंजुरीचे पत्र आणि विश्लेषणाची फाइल एकाच फोल्डरमध्ये तारखेसह ठेवावी आणि त्याची एक प्रत विभागात गाइडकडे द्यावी.